चॅपल हिलचा वस्ताद

2023 च्या नोव्हेंबरात युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी झालेला एक सामना अजून डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या कॉलेज महिला फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, उपांत्यपूर्व फेरी. एकीकडे यजमान ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी, दुसरीकडे चॅपल हिल गावातलं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. तासाभराचा खेळ झाला तेव्हा नॉर्थ कॅरोलायना 3-0 ने पुढे होती. इथून पुढे फार काही करायचं नसतं. चेंडू आपल्यात फिरवायचा, थ्रो-इनला सावकाश जायचं, प्रतिस्पर्ध्याला पळवून दमवायचं. पण उरलेल्या अर्ध्या तासात या संघाने चार गोल खाल्ले आणि 4-3 असा हरून तो घरी परतला. आदल्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्याच कॅरी गावच्या अंतिम सामन्यात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध हेच झालं होतं. 2-0 अशी आघाडी, शेवटची दहा मिनिटं बाकी. मग एक गोल फिटला, दुसरा घड्याळात 16 सेकंद उरलेले असताना कॉर्नरवरून फिटला आणि जादा वेळेत तिसरा बसला. समोरच्याला शेवटच्या मिनिटापर्यंत दमवून मारण्यासाठीच जो संघ चार दशकं ओळखला गेला, तोच लागोपाठ दोन हंगामांच्या शेवटी हातातला सामना सोडतो, हे काही केल्या पचत नाही. दोन्ही वेळा बाकाशी उभा होता तो नॉर्थ कॅरोलायनाचा प्रशिक्षक अॅन्सन डोरॅन्स. प्रोव्होचा सामना त्याचा शेवटचा ठरला. 2024 च्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू व्हायला आठवडाही उरला नसताना, त्याने निवृत्ती जाहीर केली.

पंचेचाळीस हंगाम, 934 विजय, एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची 21 विजेतेपदं आणि त्याआधीचं 1981 चं, एआयएडब्ल्यू या महिलांच्या कॉलेज खेळांच्या संघटनेचं एक. हे आकडे इतक्या वेळा छापून आलेत की ते वाचताना आता काही वाटत नाही. मला त्यापेक्षा बोलकी वाटते ती त्यांची वाटणी. 1982 ते 2000 या 19 हंगामांत 16 विजेतेपदं, आणि 2001 ते 2023 या 23 हंगामांत पाच. माणूस तोच, मैदान तेच, निळी जर्सीही तीच. मग मधे झालं काय? म्हातारा झाला, जुनाट झाला, असं उत्तर सोपं आहे आणि त्यात थोडं तथ्यही असेल. पण मला वाटतं, त्याने जे उभं केलं तेच देशभर पसरलं आणि फिरून त्याच्यावरच आलं. ते जे काही होतं, ते मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण त्याचं कौतुक करणारे बहुतेक जण भलत्याच गोष्टीचं कौतुक करतात.

डोरॅन्सचा जन्म मुंबईतला, एप्रिल 1951 चा. एवढ्यावरून त्याला ‘आपला’ म्हणायला जाऊ नये. वडील तेलाच्या धंद्यात, बदल्या देशोदेशी, त्यामुळे पोराचं बालपण आशिया, आफ्रिका आणि युरोपात वाटलं गेलं, आणि फुटबॉल त्याला अमेरिकेबाहेर भेटला. ज्या काळात अमेरिकन कॉलेजात या खेळाकडे परदेशी फॅड म्हणून बघत, त्या काळात त्याच्या पायात तो आधीच मुरलेला होता. चॅपल हिलला विद्यार्थी म्हणून तो खेळला, मग कायद्याचं शिक्षण घेता घेता पुरुष संघाचा प्रशिक्षक झाला आणि ते शिक्षण पुढे अर्धवट टाकलं. 1979 मध्ये विद्यापीठातल्या मुलींच्या क्लबने अधिकृत संघाचा दर्जा मागितला, तेव्हा क्रीडा संचालकांनी हा संघ त्या लायकीचा आहे का ते बघायला डोरॅन्सलाच पाठवलं. त्याने बघितलं, हो म्हणाला, आणि दुसरा संघही त्याच्याच गळ्यात पडला. 1988 पर्यंत दोन्ही संघ त्याच्याकडे होते. त्यात 1986 पासून राष्ट्रीय महिला संघाची भर पडली.

सुरुवातीला तर खेळायला समोर कोणी नव्हतं. महिला फुटबॉलचे अधिकृत संघ असलेली विद्यापीठं विरळा, म्हणून मिळेल त्या क्लबांशी सामने लावायचे. राष्ट्रीय स्पर्धाही नव्हती. ती भरवावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत हा होता, आणि 1981 ची पहिली स्पर्धा चॅपल हिललाच झाली. विजेतेही हेच. टीकाकार म्हणतात, शर्यत लागण्याआधीच हा धावत सुटला होता. बरोबरच आहे. पण लवकर सुटलेले बाकीचेही काही होते. त्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत.

फरक पडला तो सरावात. याच विद्यापीठात बास्केटबॉलचा प्रशिक्षक डीन स्मिथ होता. त्याच्या सरावात प्रत्येक फेकीची, प्रत्येक चुकीची नोंद होई. मैदानाच्या कडेला विद्यार्थी मॅनेजर कागद-पेन घेऊन उभे असत. डोरॅन्सने ते पाहिलं आणि फुटबॉलला लावलं. पुढे त्याला ‘कॉम्पिटिटिव्ह कॉल्ड्रन’ असं भारदस्त नाव मिळालं, पण मुळात प्रकार साधा आहे. सरावात जे जे जिंकता-हरता येतं ते सगळं मोजायचं आणि क्रमवारी सगळ्यांना दिसेल अशी लावायची. एकास एक, हेडरची झुंज, गोलवर मारलेले फटके, लांब पासची अचूकता, धाव, छोट्या संघांचे सामने, सगळ्याला आकडा. आपल्याकडे कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने चालतात, त्यामुळे हे समजायला कोल्हापूरकराला वेळ लागणार नाही. कोण कोणाला पाडतो हे तालमीत सगळ्यांना ठाऊक असतं आणि वस्तादाने जोड लावली की तोंडाच्या गोष्टी संपतात. डोरॅन्सने एवढंच केलं की ते ठाऊक असणं कागदावर आणलं.

यातला एकास एकचा सराव जवळून बघण्यासारखा. दोघींच्या मधे एक लहानसा पट्टा, टोकांना छोटे गोल, वेळ मिनिटा-दीड मिनिटाची. लांबून सोपं दिसतं. पण मदतीला कोणी नाही, पास द्यायला कोणी नाही आणि चेंडू गेला की उलट धावून तोच परत मिळवायचा. चाळीस सेकंदांनी मांड्या जड होतात आणि मग खरी गंमत सुरू होते. दमलेली मुलगी चेंडूपासून हातभर लांब थांबायला लागते, कारण जवळ गेलं आणि ती कट मारून निघून गेली तर मागे पळावं लागेल. ते हातभर अंतर समोरचीला पुरतं. ती मान वर करते, गोल बघते, मारते. बचावात हरणाऱ्या दहापैकी आठ जणी तंत्राने हरत नाहीत, या शेवटच्या दोन पावलांनी हरतात. ती दोन पावलं टाकायला शिकवण्याचा उपाय डोरॅन्सकडे एकच होता. तुझी हार लिहिली जाणार आहे, आणि उद्या भिंतीवर तुझ्या नावाशेजारी तो आकडा दिसणार आहे.

धावण्याचंही तसंच. मैदानाची पूर्ण लांबी, 120 यार्ड म्हणजे साधारण 110 मीटर, 18 सेकंदांत. परत यायला 30 सेकंद, मग 30 सेकंद विश्रांती. असं दहा वेळा. पहिली धाव चांगली खेळाडू 15-16 सेकंदांत मारून दाखवते आणि तिथेच फसते. पहिल्या तिनांत उडवलेली ताकद सातवीला भरून येत नाही. विश्रांतीची 30 सेकंदंही परत येतानाच्या उशिरात विरघळायला लागतात आणि आठवीत घड्याळ पुढे निघून जातं. जिला जमतं ती पहिल्यापासून साडेसतराला चिकटून असते. म्हणजे ही परीक्षा वेगाची कमी आणि उन्हाळ्याची जास्त. जून-जुलैत घरी असताना तू एकटी किती धावलीस, ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांसमोर निघतं. कॉलेजचा हंगामच असा की ऑगस्टला सुरू, डिसेंबरच्या सुरुवातीला संपला. तयारी करून घ्यायला मधे फुरसत नाही.

मोजणीतली सगळ्यात हुशार गोष्ट मात्र छोट्या सामन्यांच्या नोंदीत होती आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. चार-चार, पाच-पाच जणींचे संघ रोज नव्याने पाडायचे आणि विजय संघाच्या नावावर न लिहिता त्यातल्या प्रत्येकीच्या नावावर लिहायचा. एका दिवसाचा आकडा निरर्थक असतो. एखादी केवळ चांगल्या जोडीदारणी मिळाल्या म्हणून जिंकते. पण दोन-अडीच महिने संघ सारखे पिसत राहिलं की जोडीदारणींचा हिशेब आपोआप कटतो, आणि मग वर येतात काही अनपेक्षित नावं. जिची किक साधी, जिच्या पायात जादू नाही, पण जी ज्या संघात जाते तो संघ जिंकतो. प्रशिक्षकाच्या डोळ्याला अशी मुलगी सहसा दिसत नाही; डोळ्याला ड्रिबल दिसतं. हे बिघडतं तेही ठरावीक जागी. लिहिणारी माणसं रोज बदलली की झुंज कोणाची धरायची याचे निकष बदलतात. गडी पाडताना मैत्रिणी एका बाजूला राहिल्या की पिसणं संपतं. आणि आकडा जपायची सवय लागली की मुली अवघड पास द्यायचंच सोडतात, कारण चुकलेला पास लिहिला जातो आणि न दिलेला पास कोणी लिहीत नाही. पद्धत उचलणाऱ्यांनी क्रमवारी भिंतीवर टांगली. लिहिणाऱ्यांना शिकवण्याचा कंटाळा केला. मग फळा राहिला आणि त्यातला जीव गेला.

मैदानावर हा सगळा खटाटोप एका रचनेसाठी होता: मागे तीन, मधे चार, पुढे तीन. पुढच्या तिघींनी समोरच्या बचावपटूंना मान वर करू द्यायची नाही. ते जमलं तर मागे तिघी पुरतात. पण हे नव्वद मिनिटं कोणालाही जमत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी पुढची फळी अर्धं पाऊल उशिरा पोहोचायला लागते, समोरच्या सेंटर-बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, तेवढी सवड मिळते आणि तिघींच्या डोक्यावरून, नाहीतर कडेच्या मोकळ्या पट्ट्यात लांब चेंडू पडतो. डोरॅन्सला यावर उतारा मिळाला तो कॉलेजच्या नियमांत. तिथे बदली खेळाडूंना मोकळीक आहे. पहिल्या अर्धात बाहेर गेलेली त्या अर्धात परत येत नाही, पण दुसऱ्या अर्धाला पुन्हा सुरुवात करू शकते आणि दुसऱ्या अर्धात बाहेर गेली तर एकदा परत येऊ शकते. म्हणून हा पुढची अख्खी फळीच बदलायचा. दमलेल्या तिघी बाहेर, ताज्या तिघी आत, शेवटच्या दहा मिनिटांना पहिल्या तिघी पुन्हा हजर. समोरच्या बचावपटूंना मात्र तेच पाय घेऊन तिसऱ्या लाटेशी झुंजायचं. व्यावसायिक खेळात तीन, आता पाच बदल. तिथे हे चालत नाही. म्हणून तर या संघाने खेळापेक्षा दमसास शिकवला असा आरोप होत आला आहे, आणि तो पुरता खोडून काढता येत नाही. शिवाय हे सगळं चालतं ते बाकावरच्या तिघी मैदानावरच्या तिघींइतक्याच चांगल्या असतील तरच.

चॅपल हिलला त्या असायच्या. कारण देशातल्या चांगल्या मुलींना जायला दुसरी जागा फारशी नव्हती.

1986 ते 1994, सलग नऊ विजेतेपदं. याच काळात आलेली कार्ला वर्डन, पुढची कार्ला ओव्हरबेक, चार वर्षांत 95 सामने खेळली: 89 जिंकले, सहा बरोबरीत, हार एकही नाही. मिया हॅमची चार वर्षंही 95 सामन्यांची. त्यात 103 गोल आणि एकच पराभव, तोही 1990 चा कनेटिकटविरुद्धचा, ज्याने 103 सामन्यांची अपराजित मालिका तोडली. या मियाला डोरॅन्सने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती 14 वर्षांची होती. कोणती मुलगी ते मला सांगू नका, असं बजावून तो सामना बघायला उभा राहिला आणि खेळ सुरू होताच तिची पहिली धाव बघून ओळखली, असं तो सांगत आला आहे. पंधराव्या वर्षी त्याने तिला चीनमध्ये देशासाठी खेळवलं. 1991 मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पहिला महिला विश्वचषक झाला. सामने 80 मिनिटांचे, कारण बायकांना नव्वद झेपतील की नाही याची वरच्या लोकांना खात्री नव्हती. अंतिम सामन्यात नॉर्वेला 2-1 हरवलं, दोन्ही गोल मिशेल एकर्सचे, दुसरा संपायला दोन मिनिटं असताना. चॅपल हिलच्या मुलींनी जवळजवळ निम्मा संघ भरला होता आणि रचना तीच, पुढे तिघी.

फळ्यावर न मावणारी एक गोष्टही मियाचीच आहे. एका सकाळी कामावर जाताना डोरॅन्सला ती मैदानावर एकटीच धावताना दिसली, घामाने निथळत, गुडघ्यांवर हात टेकून दम घेत आणि पुन्हा सुटत. त्याने गाडी थांबवली नाही. नंतर चार ओळी लिहून तिला पाठवल्या: कोणी बघत नसताना जी अशी दमून वाकलेली असते, ती विजेती, अशा अर्थाच्या. आज त्या ओळी अमेरिकेतल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर आहेत. आयुष्यभर सगळं मोजलेल्या माणसाचा सर्वांत गाजलेला कागद, आणि त्यात कोणी न मोजलेल्या धावांचं कौतुक. हंगामाच्या शेवटी निरोप घेणाऱ्या प्रत्येक मुलीला तो पत्र लिहायचा. तिच्या गोलांबद्दल नाही, ती माणूस म्हणून संघात कशी होती याबद्दल. फळ्याने झालेल्या जखमा यानेच भरत असाव्यात.

मुलग्यांना आणि मुलींना शिकवण्यातला फरक, यावर तो खूप बोलला आहे. पुरुषांच्या खोलीत ‘आज काही जण पळाले नाहीत’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं शेजाऱ्याबद्दल चाललंय. मुलींच्या खोलीत प्रत्येकीला वाटतं माझ्याबद्दलच. म्हणून चुकांचे व्हिडिओ मुलींना दाखवू नका, त्यांना त्या आधीच पाठ असतात. चांगलं खेळल्याचे दाखवा. निरीक्षण बारीक आहे आणि व्हिडिओबद्दलचा सल्ला कामाचाही आहे. पण 1980 च्या दशकातल्या मुलींवरून काढलेला नियम नंतरच्या प्रत्येक पिढीला लावत राहणं मला पटत नाही. त्या मुली तशा होत्या यात त्यांच्या स्वभावाचा भाग किती आणि खेळायला मिळतंय हेच उपकार मानायला लावणाऱ्या काळाचा किती?

आणि इथेच त्या खटल्याचा विषय येतो, जो त्याच्या गौरवपर लेखांत एका वाक्यात उरकला जातो. 1998 मध्ये दोन माजी खेळाडूंनी त्याच्यावर आणि विद्यापीठावर लैंगिक छळाचा दावा लावला. सरावाच्या वेळी मुलींच्या खासगी आयुष्यावर, त्यांच्या संबंधांवर जी चेष्टामस्करी चाले, तीत प्रशिक्षक भाग घेई, हा त्यातला गाभा. अशा गप्पांत आपण होतो हे त्याने मान्य केलं. त्यापलीकडचे आरोप नाकारले. एक दावा 2004 मध्ये मिटला. दुसऱ्यात 2007 साली अपिली न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हे ज्युरीपुढे जाण्याजोगं प्रकरण आहे असं ठरवलं, आणि 2008 च्या सुरुवातीला विद्यापीठाने 3,85,000 डॉलर देऊन ते मिटवलं. त्याने लेखी माफी मागितली. त्यानंतर तो आणखी 16 वर्षं पदावर होता. त्या वेळी संघातल्या कित्येक जणी त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. आमच्या हसण्याखेळण्याचा विपर्यास झाला असं त्यांचं म्हणणं. त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. पण क्रमवारी ज्याच्या हातात, मैदानावरची मिनिटं ज्याच्या हातात, शिष्यवृत्तीचा तुकडा ज्याच्या हातात (नियमाने पूर्ण शिष्यवृत्त्या मोजक्याच, त्याच सगळ्या संघात वाटायच्या) आणि राष्ट्रीय संघाचं दारही काही वर्षं ज्याच्याच हातात, त्याच्या विनोदावर एकोणीस वर्षांची मुलगी हसली तर ते हसणं कशाचं समजायचं? जवळीक हेच याचं हत्यार होतं. ज्या जवळिकीतून ती पत्रं आली, तिच्यातूनच हेही आलं. यातली एक बाजू खरी आणि दुसरी अपघात, असं मला करता येत नाही.

बाकी विद्यापीठं तोवर जागी झाली होती. 1994 मध्ये ड्यूकने 3-2 ने हरवून आणखी एक लांबलचक अपराजित मालिका मोडली, तेव्हा ड्यूकच्या बाकावर सहायक होती कार्ला ओव्हरबेक, खेळाडू म्हणून कधीच न हरलेली. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत नोत्र दामकडून 1-0 अशी हार, तीही आपल्याच सिंडी पार्लोच्या डोक्याला लागून आत गेलेल्या चेंडूवर. नऊ वर्षांची साखळी तिथे तुटली. (हीच पार्लो पुढे अमेरिकन फुटबॉल महासंघाची अध्यक्ष झाली आणि तिच्या कारकिर्दीत 2022 साली स्त्री-पुरुष समान मानधनाचा करार झाला. स्वयंगोल करणाऱ्या नवख्या मुलीचं असं होऊ शकतं, हेही या संघाच्या खात्यात धरावं.) 1998 ला फ्लोरिडाने अंतिम सामना मारला. मग स्टॅनफर्ड, फ्लोरिडा स्टेट, यूसीएलए. चांगली मुलगी आता बाकावर बसायला चॅपल हिलला कशाला येईल? दुसरीकडे ती पहिल्या दिवसापासून खेळते. शेवटच्या वर्षांत तर विद्यापीठ बदलणं सोपं झालं, खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळायला लागले, व्यावसायिक संघ पदवीची वाट न बघता मुली उचलायला लागले. चार वर्षं हाताखाली ठेवून हळूहळू वर आणण्यावर बेतलेली पद्धत. दोन वर्षांत निघून जाता येत असेल तर फळ्यावर आपलं नाव विसावं बघून मुलगी वरचढ व्हायला धडपडणार कशाला, बॅग भरेल. प्रोव्होतले चार गोल या एकाच कारणाने झाले असं म्हणणं बालिशपणा होईल. पण सत्तराव्या मिनिटाला आत पाठवायला पहिलीइतकी ताकदवान दुसरी फळी दरवर्षी हाताशी असण्याचे दिवस गेले होते, हे नक्की.

तरी कोणी ‘संपला’ म्हणेल तर त्याने 2022 चा इंग्लंडचा युरो विजेता संघ बघावा. लूसी ब्राँझ, अलेसिया रुसो, लॉटी वुबेन-मॉय, तिघी चॅपल हिलच्या मैदानावरून गेलेल्या. म्हणजे अमेरिकेत मोनोपोली मोडली तोवर माल निर्यात व्हायला लागला होता.

2024 ची गादी डेमन नहास या त्याच्या सहायकाकडे आली, आधी हंगामी म्हणून. संघ बराचसा नवा, निम्मी ओळख ऑगस्टात झालेली. त्याच कॅरीच्या मैदानावर डिसेंबरात वेक फॉरेस्टला 1-0 हरवून त्यांनी बाविसावं एनसीएए विजेतेपद घेतलं. आघाडी घेतली आणि या वेळी शेवटपर्यंत टिकवली. चाहत्यांपैकी काहींनी हा चषक ‘खरं तर डोरॅन्सचाच’ म्हणून टाकला. मला ते नहासवर अन्याय करणारं वाटतं. खेळाडू जमवण्यापासून आघाडी राखण्यापर्यंतचा त्या चार महिन्यांचा उपद्व्याप त्याने निस्तरला. नोंदवहीत डोरॅन्सच्या नावापुढे 21 च राहतील, आणि ज्याने आयुष्यभर कोण जिंकलं ते ज्याच्या-त्याच्या नावावर लिहून घेतलं, त्याची याला हरकत असेल असं वाटत नाही.